चहाआधीचा मेंदू, चहानंतरचा मेंदू

नलूमावशी,

तेराव्याच्या दोन दिवस आधी आनंदचा मेसेज आला, "दीदी, मम्मी की कोई अच्छी-सी फोटो हो आपके पास तो भेज दीजिए." तुझा हा मुलगा लखनौत जन्मला, मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीतच देतो. त्यावरून तू त्याच्याशी आयुष्यभर भांडलीस. मी फोन धुंडाळला. तीन वर्षांत आपण शंभरदा तरी भेटलो असू, पण तुझा एकही धड फोटो माझ्याकडे निघाला नाही. माझ्याकडे आहेत ते तुझ्या डोक्याच्या आतले. मी नोकरी करते त्या संस्थेतल्या कॉम्प्युटरवर तुझ्या मेंदूचे शेकडो काप आहेत, समोरून, बाजूनं, वरून. त्यातून चेहरा तेवढा पुसून टाकलेला. नियमच आहे तसा, कोणाला ओळख पटू नये म्हणून. "नहीं है, आनंद," असं लिहिलं आणि फोन उपडा ठेवला.

तुझी माझी ओळख झाली ती एका नोटिशीमुळे. निरोगी म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूचा अभ्यास आमच्याकडे सुरू होत होता. ज्यांना काही आजार नाही अशा, साठीपुढच्या लोकांचा एमआरआय काढायचा, वर्षानं पुन्हा काढायचा, आणि नुसत्या वयामुळे मेंदूचा कोणता भाग किती आकसतो ते पाहायचं. मोजण्याचं काम सॉफ्टवेअर करणार. तेलीबागेतल्या पार्कच्या फाटकावर मी नोटीस चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुझा फोन.

"मराठी आहेस?"

"हो."

"आडनावावरून वाटलंच. मग हिंदी इतकी वाईट कामून लिहिली? 'निरोगी वृद्ध चाहिए' म्हणे. सब्जी मागून राहिली का?"

संध्याकाळी मी तुझ्या घरी होते. दत्ताकाका हवाई दलातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. त्यांनी दार उघडलं आणि "आत आहे" एवढंच म्हणाले. जणू दुसऱ्या कोणाकडे कोणी येतच नाही. मी तुला मावशी म्हटलं, पुढे 'तुम्ही' लावलं, तर तू म्हणालीस, "मावशीला कोणी तुम्ही म्हणतं का? एक काहीतरी ठेव." मी मावशी ठेवलं.

तू मानक नगरला रेल्वेच्या नोकरीत होतीस हे तेव्हा कळलं. रुळांची आणि चाकांची मापं घेणारी जी यंत्रं असतात, ती खरं बोलतात की नाही हे तपासायचं तुझं काम. तीस वर्षं केलंस, त्यातली पहिली कित्येक वर्षं त्या विभागात तू एकटीच बाई. मी मोठ्या उत्साहानं तुला सांगत होते की आमचं सॉफ्टवेअर पूर्ण आपोआप चालतं, त्यात माणसाचा हात लागत नाही, त्यामुळे चूक व्हायला जागाच नाही. तू चष्मा काढून माझ्याकडे पाहिलंस.

"हात नाही म्हणून चूक नाही? मग आम्ही तीस वर्षं काय केलं, बाप्पा?"

मग तू मला शिकवलंस. वस्तू एकदा मोजली म्हणजे मोजली नाही. दहादा मोजायची. प्रत्येक वेळी काढायची, हात पुसायचे, परत लावायची, परत मोजायची. "न हलवता दहादा मोजलं ना, तर ते एकदाच मोजलं." मला तेव्हा ते जुन्या जमान्यातलं वाटलं, तुला मी तसं म्हटलं नाही एवढंच. आणि तुझी अट होती. एकदा स्कॅन झाला की तू उठणार, बाहेर येणार, चहा पिणार, मग परत झोपणार, आणि मी तुला परत मोजणार.

आमचे तंत्रज्ञ मिश्राजी हसले. "अम्मा, मशीन नहीं थकती, आप थक जाएँगी." तू म्हणालीस, "भैया, मैं मशीनें ही जाँचती थी." त्यांनी निमूट परत झोपवलं.

दोन दिवसांनी आकडे आले. मोठ्या भागांचे जवळजवळ सारखेच. हिप्पोकॅम्पसचे मात्र नाही. हा मेंदूतला करंगळीएवढा भाग, दोन्ही बाजूंना एकेक, आठवणी साठवण्यात याचा मोठा वाटा. आमचा सगळा अभ्यास मुख्यतः त्याच्यावरच होता. तुझा डावा हिप्पोकॅम्पस पहिल्या वेळी होता त्याहून दुसऱ्या वेळी थोडा लहान भरला. तू कागद डोळ्यांजवळ नेलास.

"अवं, मधे मी फक्त चहा प्यायले ना!"

त्या दिवसापासून माझ्या कामाचं नावच तू ठेवलंस: चहाआधीचा मेंदू, चहानंतरचा मेंदू. येईल त्याला सांगायचीस. मी आपली समजावत राहिले, की डोकं केसभर वेगळ्या कोनात टेकलं तरी एवढा फरक पडतो, सगळ्यांची सरासरी काढली की तो जातो. तू म्हणालीस, "सरासरीत जात असेल. पण मी सरासरी नाही ना." मी हसले. या वाक्याचा अर्थ मला दीड वर्षानं कळला.

मावशी, आता ते सांगायचं आहे ज्याबद्दल आपण दोघी पुढे खूप बोललो आणि तरी ते बोलून संपलं नाही.

वर्षानं तुझा दुसरा स्कॅन झाला. ते सप्टेंबरचे दिवस होते. अमरावतीला तुझी धाकटी बहीण शालू, तिला विसरायचा आजार जडून दोन वर्षं झाली होती. दिवाळीनंतर तू एकटी तिच्याकडे जाऊन तीन महिने राहणार होतीस. तिकीट काढलेलं होतं. "मला ओळखते आहे तोवर जाऊन येते," म्हणाली होतीस. मी आले तेव्हा काका गच्चीवर झाडांना पाणी घालत होते आणि तू ओट्याशी उभी राहून भेंडी चिरत होतीस. आकडे आले का, असं तू विचारलंस. अशा अभ्यासातले आकडे भाग घेणाऱ्यांना सांगायचे नसतात. त्यांचा त्या एका माणसापुरता अर्थ लागेलच असं नसतं, म्हणून. हे मला पाठ होतं. पण विचारणारी तू होतीस, आणि तुझ्यापासून आकडा लपवणं मला तुझा अपमान केल्यासारखं वाटलं.

"डावीकडचा जरा कमी आलाय."

"जरा म्हणजे? चहाएवढा?"

"नाही. चहापेक्षा बराच जास्त."

तू चिरत राहिलीस. एका मापाचे, सारखे तुकडे. मग म्हणालीस, "बरं." आणि मला जेवून जा म्हणालीस, मीही जेवून गेले. घरी जाताना मला वाटत होतं, किती धीराची बाई आहे.

दिवाळीनंतर तू अमरावतीला गेली नाहीस. "नाही जात आता," एवढंच फोनवर म्हणालीस. मी 'का' असं विचारलं नाही. मला एक परिषद होती, तिची घाई होती. त्या हिवाळ्यात तू स्कूटी चालवणं सोडलंस, कपाटांना चिठ्ठ्या लावल्यास, डाळ कुठे आणि औषधं कुठे. त्या चिठ्ठ्या मी पाहिल्या होत्या. तू नीटनेटकी आहेसच, असं मनाशी म्हणून पुढे गेले.

जानेवारीत शालूमावशी गेली. मी भेटायला आले तेव्हा तू शाल पांघरून उन्हात बसली होतीस. म्हणालीस, "शेवटी शेवटी ती कामवालीलाच नलू म्हणत होती. ती पोरगी बिचारी 'हो ताई' म्हणायची."

फेब्रुवारीत सगळ्यांचे दुसरे आकडे एकत्र झाले. मी ते पहिल्या आकड्यांशेजारी लावून पाहिले. सगळ्यांचे हिप्पोकॅम्पस आकसले होते. तुझा, पांडेजींचा, पहाटे पाच मैल चालणाऱ्या कर्नलसाहेबांचा, सगळ्यांचा. निरोगी माणसं एका वर्षात अशी एकदम एकत्र कशी आकसतील? मी मिश्राजींकडे गेले. ते फाइलीतून मान वर न करता म्हणाले, "मैडम, मार्च में कॉइल बदली थी ना. इंजीनियर आए थे, सॉफ्टवेयर भी नया डाल गए. रजिस्टर में चढ़ा है." कॉइल म्हणजे डोक्याभोवती बसवतात तो पिंजऱ्यासारखा भाग. तो बदलला, यंत्र चित्रं थोडी वेगळी काढायला लागलं, आणि मोजणाऱ्या सॉफ्टवेअरला त्या वेगळ्या चित्रांत सगळ्यांचे मेंदू लहान दिसले. रजिस्टर माझ्या खोलीपासून वीस पावलांवर, खिळ्याला टांगलेलं होतं.

त्याच संध्याकाळी मी तुझ्याकडे आले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, तुला हायसं वाटेल.

"रजिस्टर वाचलं नव्हतंस?"

"नाही."

"मोजायचं गेज बदललं आणि पाहिलं नाहीस."

"नाही, मावशी."

तू खुर्चीत बसलीस. बाहेर काका कोणाशी तरी बोलत होते, तो आवाज थांबेपर्यंत तू गप्प होतीस. मग अगदी हळू म्हणालीस, "मी त्यामुळेच गेले नाही गं शालूकडे. म्हटलं, नागपूरला गाडी बदलायची, तिथेच विसरले तर? आणि पोचले तरी एका घरात विसरणाऱ्या दोन बाया, कोण कोणाला सांभाळणार? सांगू का, तू आकडा सांगितल्यावर मी खरंच विसरायला लागले. गॅस बंद केला का, चार-चारदा उठून पाहायची. तो मेंदू होता की भीती होती, कोण मोजणार?"

मी काहीतरी समजावू लागले. कॉइलचं, चुंबकाचं. तू हात वर केलास आणि म्हणालीस, "आता जा."

तीन आठवडे तू माझा फोन घेतला नाहीस. ते तीन आठवडे मला आठवतात ते रोज संस्थेत जाताना तुझ्या गल्लीच्या तोंडाशी गाडीचा वेग कमी करण्याचे. एकदाही वळले नाही.

मग तुझाच फोन आला, पहिल्यासारखाच सकाळी सातला. "चौदा जण तयार केले आहेत. प्रत्येकाला दोनदा मोजायचं. मधे उठवायचं. तुझ्या साहेबांना विचार आणि तारखा दे." माझ्यावरचा राग गेला होता का, ते तू सांगितलं नाहीस. मीही विचारलं नाही. परवानगीचे कागद व्हायला महिना गेला, तोपर्यंत एप्रिल लागला.

त्या उन्हाळ्याचे ते पंधरा दिवस माझ्या नोकरीतले सगळ्यात चांगले दिवस आहेत. बाहेर लूच्या झळा, आत यंत्राच्या खोलीत गारठा, आणि बाकावर स्वेटर घालून बसलेली तुझी पलटण. तू दाराशी खुर्ची टाकून यादी घेऊन बसायचीस. कोणी "एक बार हो तो गया" म्हणून चप्पल घालू लागलं की तू त्यांना परत आत पिटाळायचीस. पांडेजींचा दुसरा आकडा पहिल्यापेक्षा मोठा आला, तर तू सगळ्यांसमोर जाहीर केलंस, "पांडेजी का दिमाग चाय से बढ़ गया!" आणि पांडेजी आठवडाभर तेच सांगत फिरले.

त्या मोजणीतून एवढं नक्की झालं की एका माणसाच्या बाबतीत आमचं यंत्र किती इकडेतिकडे होतं. गटाबद्दल बोलायला ते पुरेसं चांगलं होतं. पण एकट्या माणसाला एका वर्षाच्या फरकावरून काही सांगावं एवढं चांगलं ते नव्हतं. मी तो तक्ता तुला दाखवायला आणला. तू बोट ठेवून एकेक ओळ वाचलीस.

"मग माझं कमी झालंय की नाही?"

"सांगता येत नाही, मावशी."

"थोडं झालंय?"

"असेलही. नसेलही. या आकड्यांवरून कळत नाही."

तू कागदाची घडी घातलीस. "हे त्या दिवशी सांगायचं होतं," म्हणालीस. आवाजात राग नव्हता. म्हणूनच ते मला लागलं.

आपला खरा वाद त्यानंतर सुरू झाला. मी म्हणायचे, मी तुला आकडा सांगायलाच नको होता. नियम उगाच नसतात. तू म्हणायचीस, "सांगितलं ते चूक नाही. माझं डोकं, माझा आकडा. चूक ही की आकडा एकटा सांगितला. त्याच्याबरोबर त्याची चूक किती, ते नाही सांगितलं." मी म्हणायचे, ती तरी कुठे ठाऊक होती मला? तू म्हणायचीस, "मग तेच सांगायचं, मला ठाऊक नाही म्हणून." मी म्हणायचे, घाबरलेल्या माणसाला ते ऐकू येत नाही. यावर तू एकदाच गप्प झालीस. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणालीस, "ऐकू येतं. दोनदा सांगावं लागतं." मी यावर अजूनही तुझ्याशी सहमत नाही, मावशी. नवीन येणाऱ्या कोणालाही मी आकडा सांगत नाही. पण नोटिशीत आता एक ओळ घातली आहे, हे मोजमाप एका माणसाबद्दल काय सांगू शकत नाही, त्याची. हिंदी तू तपासून दिलेली.

जूनमध्ये तू अमरावतीला गेलीस. एकटी. शालूमावशीचं घर आवरायचं होतं. आनंद म्हणत होता, मी सोडायला येतो, तर तू ऐकलं नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना फोन वाजला. मागे स्टेशनचा गोंगाट. "नागपूर. उतरले. दुसऱ्या गाडीचा फलाटही सापडला." मी बाहेर व्हरांड्यात आले, तोपर्यंत तू फोन ठेवलाही होतास. मी तिथेच भिंतीला टेकून उभी राहिले आणि मिश्राजींनी विचारलं, "सब ठीक, मैडम?" मी म्हटलं, "बहुत ठीक."

तिथे शालूमावशीच्या घरात तू महिनाभर राहिलीस. परत आल्यावर फारसं सांगितलं नाहीस. एवढंच म्हणालीस की त्या कामवाल्या पोरीला भेटलीस, आणि ती शालूमावशीचं सांगत असताना तिला सारखं वाटत होतं की तू रागावशील. "मी कशाला रागावेन? माझ्या जागी तीच होती ना."

आणि मग गेल्या महिन्यात एका सकाळी, अंघोळ करून, केस विंचरता विंचरता तू गेलीस. हृदय. ज्या डोक्यावर आपण तीन वर्षं वाद घातला, त्याचा त्यात काही संबंध नव्हता. आदल्याच संध्याकाळी तू मला फोनवर माझ्या लिखाणातल्या एका शब्दावरून झापलं होतंस. 'अचूक' नको लिहूस, 'भरवशाचं' लिही, अचूक काही नसतं, म्हणून.

तेराव्याला मी आले. तुझा फोटो अखेर कोणाच्या तरी लग्नातला निघाला, त्यात तू कॅमेऱ्याकडे पाहत नाहीस. माणसं पांगल्यावर काकांनी मला आतल्या खोलीत बसवलं. तुझ्याशिवाय त्यांच्याशी एकटीनं बोलायची माझी ती पहिलीच वेळ.

"तिचं डोकं शेवटपर्यंत शाबूत होतं ना गं?" त्यांनी विचारलं. "तू मोजलं होतंस."

"काका, मोजलेल्यावरून नाही सांगता येत. पण मी तिच्याशी रोज बोलत होते. शाबूत होतं."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "एकच तिला लागून राहिलं. शालूकडे जायला नाही मिळालं. गुडघ्यांमुळे."

मला आधी कळेचना ते काय म्हणताहेत. मग कळलं. वर्षभर या घरात तू सगळ्यांना गुडघे सांगितले होतेस. काकांना, आनंदला, अमरावतीच्या नातेवाइकांना. माझं नाव कुठेच नव्हतं. मी त्या बाकावर तुझ्या पलटणीबरोबर हसत होते, इथे येऊन जेवत होते, आणि या घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

तुला विचारायला तू नव्हतीस, म्हणून न विचारताच मी सांगितलं. भेंडी, आकडा, कॉइल, रजिस्टर, सगळं. आणि मी त्यांची माफी मागितली. तुझी कधी मागितली नव्हती, मावशी. तुला मी फक्त कारणं सांगितली होती.

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं, आता ते उठून जातील.

"गुडघे तिचे कधी दुखले नाहीत," ते म्हणाले. "मला वाटलंच होतं, काहीतरी आहे."

"तुम्ही विचारलं नाही तिला?"

"ती सांगत नव्हती म्हणजे कोणाला तरी पाठीशी घालत होती. एवढं कळत होतं. पण तिनं माफ केलं असेल असं धरून चालू नकोस. ती विसरणारी बाई नव्हती. तू इथे येत राहावीस असं तिला वाटत होतं, एवढंच."